परक्या देशातील लेखापाल : विद्या, परवाना आणि मदतीचा हात

वाणिज्य शाखेकडे वळलेले आपले काही माजी विद्यार्थी आज लेखापालाच्या व्यवसायात आहेत आणि त्यांपैकी काहींच्या मनात परदेशी जाऊन स्थिरावण्याचा विचार आहे. परदेशगमनाविषयी बोलताना आपल्याकडे प्रवेशपरवाना, विमानभाडे आणि पगार यांचीच चर्चा अधिक होते. तेथे गेल्यावर आपली विद्या कोणत्या नावाने ओळखली जाईल, ती ओळखली जावी म्हणून काय करावे लागेल आणि त्या कामी कोणाची मदत मिळू शकेल, हे प्रश्न मागे पडतात. म्हणून या लेखात आम्ही एकाच व्यवसायाचा आणि मुख्यतः एकाच देशाचा विचार करणार आहोत. व्यवसाय लेखापालाचा आणि देश कॅनडा. त्यातही टोरांटो शहर ज्या प्रांतात आहे, त्या ओंटारिओची उदाहरणे अधिक येतील.

दोन दारे, दोन किल्ल्या

कॅनडाने १९६७ साली स्थलांतरितांची निवड करण्यासाठी गुणांकन पद्धत स्वीकारली. अर्जदाराचे शिक्षण, वय, भाषाज्ञान व कामाचा अनुभव यांना गुण द्यावेत आणि त्यावरून निवड करावी, हे तिचे सूत्र. जानेवारी २०१५ पासून ‘एक्स्प्रेस एंट्री’ या नावाने तिचे आजचे रूप चालू आहे. एखाद्या लेखापालाला या देशात कायम वास्तव्याची अनुमती मिळते, ती बऱ्याच अंशी त्याच्या पदवीमुळे आणि अनुभवामुळेच. साहजिकच त्याची अशी समजूत होते की, ज्या विद्येमुळे आपल्याला बोलावले, त्या विद्येचे काम तेथे आपल्यासाठी तयार असेल.

वस्तुस्थिती वेगळी आहे. देशात प्रवेश देणे हे मुख्यतः केंद्र सरकारचे काम, तर व्यवसायात प्रवेश देणे हे प्रांताच्या कायद्याने स्थापन झालेल्या व्यावसायिक संस्थेचे काम. ही दोन दारे निरनिराळी असून त्यांच्या किल्ल्याही निरनिराळ्या आहेत. स्थलांतराच्या अर्जासाठी वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेससारख्या संस्थेकडून पदवीचे मूल्यमापन करून घ्यावे लागते. तो अहवाल हाती आला की अनेकांना वाटते, आपली पात्रता मान्य झाली. त्या अहवालाचा अर्थ एवढाच की, अमुक विद्यापीठाची पदवी तेथील अमुक पदवीच्या तोडीची आहे. लेखापाल म्हणून व्यवसाय करण्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. हा भेद निघण्यापूर्वी समजला, तर पुढची पुष्कळशी निराशा टळते.

परवाना कशासाठी

परक्यांना बाहेर ठेवण्यासाठीच ही दुसरी कुलुपे लावली आहेत, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. लेखापालाच्या सहीवर विसंबून बँक कर्ज देते, गुंतवणूकदार आयुष्याची पुंजी लावतो, सरकार कर आकारते. ही सही खोटी ठरली तर काय होते, हे आपण २००९ साली उघडकीस आलेल्या सत्यम कॉम्प्युटर्सच्या प्रकरणात पाहिले आहे. ताळेबंदात दाखवलेली रोकड प्रत्यक्षात नव्हती आणि त्या ताळेबंदावर लेखापरीक्षकांच्या सह्या होत्या. म्हणूनच आपल्या देशातही १९४९ च्या कायद्याने भारतीय सनदी लेखापाल संस्था स्थापन झाली आणि तिच्या सदस्याखेरीज इतर कोणी स्वतःस सनदी लेखापाल म्हणवून घेऊ नये, असे ठरले.

कॅनडात पूर्वी लेखापालांच्या तीन वेगवेगळ्या संघटना होत्या आणि त्यांच्या तीन वेगवेगळ्या पदव्या होत्या. २०१२ पासून त्यांचे एकत्रीकरण सुरू झाले आणि ‘चार्टर्ड प्रोफेशनल अकाउंटंट’, म्हणजे सीपीए, ही एकच पदवी राहिली. ओंटारिओत २०१७ च्या कायद्याने या एकत्रित संस्थेला अधिकार मिळाले. जमाखर्च लिहिणे, देयके तयार करणे, वेतनपत्रक करणे अशी कामे कोणीही करू शकतो. मात्र सीपीए ही उपाधी लावणे आणि लेखापरीक्षणाच्या अहवालावर सही करणे यांसाठी संस्थेचे सदस्यत्व लागते, आणि सहीसाठी त्यावर स्वतंत्र परवानाही लागतो. भारतातील ‘सीए’ ही उपाधीसुद्धा तेथे व्यवसायाच्या पाटीवर किंवा ओळखपत्रिकेवर लावून चालत नाही. नोकरीच्या अर्जात ती कोणत्या संस्थेने दिली हे स्पष्ट लिहून तिचा उल्लेख करता येतो. नव्याने गेलेल्यांनी ही मर्यादा पहिल्या दिवसापासून सांभाळावी.

विद्येतील किती भाग सीमा ओलांडतो

खरा प्रश्न येथून सुरू होतो. भारतात शिकलेल्या लेखापालाला काय येते आणि काय येत नाही?

दुहेरी नोंद पद्धत सर्व जगात एकच आहे. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात ती मांडली. नावे आणि जमा यांचा मेळ पुण्यात बसतो तसाच टोरांटोतही बसतो. एवढेच नव्हे, वरच्या पायरीवरही साम्य पुष्कळ आहे. कॅनडातील भागबाजारात नोंदलेल्या कंपन्या २०११ पासून आंतरराष्ट्रीय वित्तीय अहवाल मानकांनुसार हिशेब मांडतात. भारतातील मोठ्या कंपन्यांना एप्रिल २०१६ पासून टप्प्याटप्प्याने लागू झालेली भारतीय लेखा मानके त्याच मानकांवर बेतलेली आहेत. लेखापरीक्षणाची मानकेही दोन्ही देशांत एकाच आंतरराष्ट्रीय मानकांवरून घेतलेली आहेत. करासाठी घसारा काढताना मालमत्तेचे वर्ग पाडायचे आणि उरलेल्या किमतीवर ठरलेल्या दराने घसारा धरायचा, ही रीत आपल्या लेखापालाला तेथे नवी वाटणार नाही.

वेगळे आहे ते स्थानिक. आपले आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. कॅनडात व्यक्तीचे करवर्ष जानेवारी ते डिसेंबर असते, तिचे विवरणपत्र सर्वसाधारणपणे ३० एप्रिलपर्यंत द्यावे लागते आणि कंपनीला आपले वर्ष स्वतः निवडता येते. आपल्याकडे वस्तू व सेवा कराचे दर देशभर सारखे आहेत. तेथे अल्बर्टात केवळ ५ टक्के केंद्रीय कर लागतो, ओंटारिओत केंद्र व प्रांत मिळून १३ टक्क्यांचा एकत्रित कर लागतो आणि क्वेबेक आपला विक्रीकर वेगळा आकारतो. भविष्यनिर्वाह निधीच्या जागी तेथे कॅनडा पेन्शन प्लॅन व रोजगार विमा यांच्या कपाती येतात, ‘फॉर्म १६’ च्या जागी ‘टी ४’ येतो आणि टॅलीच्या जागी क्विकबुक्स किंवा सेज. लाख आणि कोटी मनातून काढून हजार, दशलक्ष व अब्ज यांत विचार करावा लागतो. ही गोष्ट क्षुल्लक वाटली, तरी मुलाखतीत दहा लाख म्हणजे एक दशलक्ष हे क्षणात सुचावे लागते.

एक भेद मात्र अधिक खोल आहे. भारतात कंपनी कितीही लहान असली तरी तिच्या हिशेबांचे वैधानिक लेखापरीक्षण व्हावेच लागते. कॅनडातील लहान खासगी कंपन्यांना भागधारकांच्या संमतीने त्यातून सूट मिळते. त्यामुळे तेथील लहान लेखापाल कचेऱ्यांचे बरेचसे काम लेखापरीक्षणाचे नसून हिशेबांचे संकलन, पुनरावलोकन आणि करविषयक सल्ला यांचे असते. लहान खासगी कंपन्यांसाठी स्वतंत्र लेखा मानकेही आहेत. लेखापरीक्षणात दहा वर्षे मुरलेल्या माणसाला आपल्या अनुभवाचा मोठा भाग येथे थेट उपयोगी पडत नाही असे दिसते. त्याच्या ज्ञानात दोष नसतो, तेथील गिऱ्हाइकाची गरजच वेगळी असते.

या सर्वांची बेरीज केली तर असे म्हणता येईल की, विद्येचा गाभा सीमा ओलांडतो आणि करकायदा, कंपनी कायदा, व्यवहाराची रीत हा भाग तेथे गेल्यावर शिकावा लागतो. आमच्या मते मदतीचा सारा विचार या एका भेदावर उभा आहे.

शून्यापासून सुरुवात का नको

आपल्या वसतिगृहात वर्षाच्या मध्येच एखाद्या दूरच्या खेड्यातून सातवीतील मूल येते. त्याची आधीची शाळा आपल्याला ठाऊक नसते, पुस्तकेही काही वेगळी असतात. म्हणून आपण त्याला पहिलीत बसवत नाही. त्याला काय येते हे पाहतो, जे राहिले असेल ते संध्याकाळी वेगळे शिकवतो आणि त्याला सातवीतच बसवतो. परदेशातून आलेल्या व्यावसायिकालाही याच न्यायाने वागवावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

पूर्वी पुष्कळदा तसे घडत नसे आणि आजही सर्वत्र घडते असे नाही. उदाहरणादाखल नागपूरहून गेलेल्या एका लेखापाल भगिनींची कल्पना करू. त्यांना बारा वर्षांचा अनुभव आहे. नोकरीसाठी अर्ज केला की उत्तर येते, ‘कॅनडातील अनुभव हवा’. अनुभवासाठी नोकरी हवी आणि नोकरीसाठी अनुभव हवा. बचत संपत येते तेव्हा त्या एखाद्या गोदामात किंवा दुकानात काम धरतात. श्रमाच्या कोणत्याही कामात कमीपणा नाही. परंतु दोन-तीन वर्षे लोटली की आपल्या व्यवसायातील कायदे बदलतात, हात सुटतो, आणि नोकरी देणारा त्या खंडाचेच कारण विचारू लागतो. घरात दोघेही शिकलेले असतील तर बहुधा नवऱ्याच्या परीक्षा आधी होतात आणि बाईंचा अभ्यास ‘मुले मोठी झाल्यावर’ यावर जातो. यात एका कुटुंबाचे नुकसान आहेच, त्याचबरोबर ज्या देशाने विद्येसाठी त्यांना बोलावले त्याचेही आहे.

अडथळा केवळ परीक्षेचा नसतो. टोरांटो विद्यापीठातील अर्थतज्ज्ञ फिलिप ओरिओपोलस यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात टोरांटो परिसरातील नोकऱ्यांसाठी हजारो नमुना अर्ज पाठवले होते. शिक्षण आणि अनुभव सारखा असूनही इंग्रजी नावाच्या अर्जदाराला मुलाखतीचे बोलावणे अधिक आले आणि भारतीय, पाकिस्तानी वा चिनी नावाच्या अर्जदाराला कमी. आपल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ मध्ये भारतातील खासगी नोकऱ्यांविषयी असाच अभ्यास मांडला होता. पात्रता तीच असताना दलित किंवा मुस्लिम आडनाव असलेल्या अर्जाला अनुकूल उत्तर कमी मिळते, असे त्यात दिसून आले. आडनाव वाचून दार लोटले जाण्याचा अनुभव आपल्या समाजाने येथेच घेतला आहे. म्हणून परदेशात गेल्यावर तो प्रश्न आपोआप सुटेल असे कोणी मानू नये, आणि तो तेथे दिसला तर खचूनही जाऊ नये. नियम लेखी असले आणि ते तपासणारे कोणी असले, की या अडथळ्याला आळा घालता येतो.

कायद्याने काय केले

ओंटारिओने २००६ साली नियमित व्यवसायांतील न्याय्य प्रवेशाचा कायदा केला. लेखापालांच्या संस्थेसह ज्या ज्या संस्था परवाने देतात, त्यांची प्रवेशपद्धती पारदर्शक, वस्तुनिष्ठ, निःपक्षपाती आणि न्याय्य असावी, असे त्या कायद्याने बंधन घातले. ते पाळले जाते की नाही हे पाहण्यासाठी न्याय्य प्रवेश आयुक्ताचे पद निर्माण झाले. मॅनिटोबा व नोव्हा स्कोशिया या प्रांतांनीही पुढे असे कायदे केले. २०१३ साली ओंटारिओच्या मानवी हक्क आयोगाने ‘कॅनडातील अनुभव’ ही सरसकट अट प्रथमदर्शनी भेदभाव ठरते, असे धोरण जाहीर केले. २०२१ च्या कायद्याने अशा व्यावसायिक संस्थांना नोंदणीसाठी ही अट घालण्यास, काही अपवाद वगळता, मनाई केली आणि २०२४ च्या कायद्याने नोकरीच्या जाहिरातींतूनही ती दूर करण्याची तरतूद केली.

याबरोबरच निरनिराळ्या देशांतील संस्थांचे आपसांत करार असतात. भारतीय सनदी लेखापाल संस्थेने इंग्लंड व वेल्समधील सनदी लेखापाल संस्थेशी २००८ साली असा करार केला. कॅनडातील संस्थेशीही तिचा सामंजस्याचा करार झालेला आहे. अशा करारांमुळे उमेदवाराला काही परीक्षांतून सूट मिळते. करारांना मुदत असते व अटी बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी त्या त्या प्रांताच्या संस्थेकडून ताजी माहिती लेखी मागवावी. करार नसलेल्या संस्थेच्या सदस्याचेही शिक्षण तपासले जाते आणि जेवढे विषय कमी असतील तेवढेच पूर्ण करण्यास सांगितले जाते. गेली काही वर्षे चालत आलेल्या पद्धतीत शेवटी तीन दिवसांची सामायिक अंतिम परीक्षा असते व एकूण ३० महिन्यांचा व्यावहारिक अनुभव दाखवावा लागतो. परीक्षेत लांबलचक व्यवहारकथा देऊन त्यावर सल्ला लिहायला सांगतात. पाठांतरापेक्षा निर्णय आणि लेखन यांची तेथे अधिक कसोटी लागते. क्वेबेकमध्ये या सर्वांवर फ्रेंच भाषेचे ज्ञान आवश्यक असते.

खरी मदत कोणती

कायदा दार उघडे ठेवतो, परंतु दारापर्यंत चालत जाण्यासाठी माणसाला सोबत लागते. कॅनडात ही सोबत चार प्रकारची दिसते.

पहिली सेतू अभ्यासक्रमांची. ओंटारिओ सरकारच्या साहाय्याने महाविद्यालये व स्वयंसेवी संस्था असे अल्प मुदतीचे वर्ग चालवतात. लेखापालाला पुन्हा जमाखर्च न शिकवता तेथील करकायदा, संगणक प्रणाली, व्यावसायिक पत्रलेखन आणि मुलाखतीची रीत एवढेच शिकवणे हा त्यांचा हेतू असतो.

दुसरी मार्गदर्शकाची. टोरांटो रिजन इमिग्रंट एम्प्लॉयमेंट कौन्सिल ही संस्था २००४ पासून नवागत व्यावसायिकाची त्याच व्यवसायातील स्थिरावलेल्या व्यक्तीशी काही महिन्यांसाठी जोडी लावून देते. हा मार्गदर्शक नोकरी देत नाही. अर्ज कसा लिहावा, कचेरीत बोलतात कसे, कोणती जागा आपल्यासाठी आहे आणि कोणती नाही, हे तो सांगतो. पुस्तकात न मिळणारे हे ज्ञान सहसा नात्यागोत्यातून मिळते. ज्यांना तेथे नातेगोते नाही, त्यांना ते अशा व्यवस्थेतूनच मिळू शकते.

तिसरी पैशाची. परीक्षा, शुल्क आणि पुस्तके यांचा खर्च मोठा असतो आणि नवागताला बँक सहज उभी करत नाही. अल्बर्टात २००५ साली इमिग्रंट ॲक्सेस फंड या नावाने सुरू झालेली व आता विंडमिल मायक्रोलेंडिंग म्हणून ओळखली जाणारी धर्मादाय संस्था याच कारणासाठी स्वस्त व्याजाने कर्ज देते.

चौथी कामाच्या संधीची. कॅनडाचे महसूल खाते १९७१ पासून एक स्वयंसेवी उपक्रम चालवते. त्यात अल्प उत्पन्नाच्या लोकांची साधी करविवरणपत्रे स्वयंसेवक विनामूल्य भरून देतात. नव्या लेखापालाने एक हंगाम तेथे काम केले की स्थानिक करपद्धती हाताखालून जाते, लोकांशी बोलण्याचा सराव होतो आणि ओळख सांगू शकणारे चार जण भेटतात. शिवाय त्या कष्टकरी कुटुंबांना करसवलती व मुलांचे भत्ते मिळतात. विद्या वापरात राहते आणि कोणाच्या तरी उपयोगी पडते, म्हणून हा मार्ग आम्हाला विशेष मोलाचा वाटतो.

निघण्यापूर्वीची तयारी

ज्यांना जायचे आहे त्यांनी पुढील गोष्टी भारतात असतानाच कराव्यात. सर्व वर्षांची गुणपत्रके, पदवी प्रमाणपत्र व अभ्यासक्रमाचा तपशील विद्यापीठाच्या शिक्क्यासह घ्यावा. परदेशातून तीच कागदपत्रे मागवण्यात महिनेच्या महिने जातात. सनदी लेखापाल संस्थेचे सदस्यत्व चालू ठेवावे आणि आपल्यावर कारवाई नसल्याचे पत्र मिळवावे. जेथे जेथे काम केले तेथून केवळ ‘इतकी वर्षे काम केले’ असे न लिहिलेले, प्रत्यक्ष कामाचे वर्णन असलेले पत्र घ्यावे. पारपत्र, पदवी आणि सेवेची कागदपत्रे यांवरील नाव अक्षरशः एकच आहे ना, हे पाहावे. आपल्याकडे वडिलांचे नाव कधी असते, कधी नसते. लग्नानंतर नाव बदलते, आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग दोन प्रकारे होते. तेथे त्यातून दोन वेगळ्या व्यक्ती होऊन बसतात. निदान सहा महिन्यांचा घरखर्च गाठीशी असावा, म्हणजे पहिली मिळेल ती नोकरी नाइलाजाने धरावी लागणार नाही.

तेथे पोहोचल्यावर पायरी खालची मिळाली तरी ती आपल्याच जिन्यातील असावी. येणी-देणी सांभाळणारा लिपिक, वेतनपत्रकाचा साहाय्यक, लहान कचेरीतील हिशेबनीस ही कामे पूर्वीच्या हुद्द्याहून कमी असतील, परंतु ती व्यवसायाच्या आतली आहेत. आणि काहींनी विचारपूर्वक सीपीए न होण्याचे ठरवले, तर त्यातही अपयश नाही. वेतनप्रशासन, अंतर्गत नियंत्रण, वित्तीय विश्लेषण अशा अनेक कामांना ती उपाधी सक्तीची नाही. आपले वय, घरची स्थिती आणि लागणारी वर्षे यांचा हिशेब लेखापालाने स्वतःसाठीही मांडावा.

आपण काय करू शकतो

दूरच्या देशातील ही व्यवस्था समजून घेताना आपल्यालाही काही करण्यासारखे दिसते. जे माजी विद्यार्थी परदेशी स्थिरावले आहेत, त्यांनी नव्याने येणाऱ्या एकाला जरी वर्षभर मार्गदर्शन केले, आठवड्यातून एकदा तासभर दूरध्वनीवर बोलले, त्याचा अर्ज वाचून दुरुस्त करून दिला, तर ती मोठी मदत ठरेल. जे येथेच आहेत, त्यांनी अकरावी-बारावीच्या वाणिज्य शाखेतील मुलामुलींना इंग्रजीत एक पानभर सुसंगत लिहिण्याचा सराव द्यावा आणि कागदपत्रांवरील नावाची दुरुस्ती शाळेत असतानाच करून घ्यावी. दाखल्यावरचे एक चुकलेले अक्षर पंधरा वर्षांनी हजारो मैलांवर अडसर होऊ शकते, आणि ते सुधारण्यासाठी आज शाळेच्या कचेरीत एक अर्ज पुरेसा असतो.